सुकदेव घरी पाणी पीत नाही

१

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत दिवस उजाडायचा तो हापशाच्या आवाजानं. खट्ट-कुर्र, खट्ट-कुर्र. गुजराती माणसं त्याला डंकी म्हणतात, पण गल्ली सगळी खानदेशातली, तिथं तो हापसाच. हापशाला लागून धुरपदाबाईची खोली. त्यामुळे तो जसा काही तिच्या माहेरून आंदण आलेला. कोणी नंबर मोडला, कोणाची सून कोणाकडे बघून हसली, कोणाच्या कळशीला भोक पडलं, सगळी खबर पहिल्यांदा तिच्या ओट्यावर.

म्हातारी दुसरीपर्यंत शिकलेली. त्या दोन वर्षांत मास्तरच्या खुर्चीला डिंक लावण्यापलीकडे आपण काही केलं नाही, असं तीच सांगायची. सत्तरी आली तरी खोडी जाईना. शेजारच्या शोभाबाईच्या चहात मीठ टाक. नव्या सुनेला सांग की हापशाला आधी हात जोड, नाहीतर चावतो. ती बिचारी पदर सावरून हात जोडायला लागली की ही ओट्यावर पोट धरून हसणार. आणि मागच्या धुळवडीला तर कहर केला. हापशाच्या तोंडात लाल रंगाची पुडी कोंबून ठेवली. पहिली कळशी भरली ती लालभडक. प्लेग होऊन दीडच वर्ष झालेलं, माणसं अजून सावलीला भिणारी. तिचा चुलत पुतण्या काशिनाथ रिक्षा चालवायचा, तो तर बायकापोरं रिक्षात कोंबून निघालाच. ही मागून ओरडली, "अरे काशिनाथ, मीटर तरी टाक!"

एक गोष्ट मात्र ती मस्करीत घेत नसे. संध्याकाळी सात वाजता सुकदेव मिलमधून यायचा. एकुलता एक लेक, गल्लीच्या टोकाला जी कापड रंगवायची मिल होती तिथं रंगखात्यात मुकादम. मिलचा निळा शर्ट घातलेला तो उंबऱ्यात चपला काढायचा आणि ही पाण्याचा तांब्या पुढं करायची.

"पाणी पी ले रे भाऊ."

तो उभ्यानंच प्यायचा. डावा हात मानेवर, डोळे मिटलेले, तीन घोटांत तांब्या रिकामा. पाच वर्षांचा होता तेव्हापासून असाच प्यायचा. मग हनुवटी पुसत म्हणायचा, "आते बरं वाटनं माय." तेवढं ऐकलं की तिचा दिवस भरला.

जेठातल्या एका संध्याकाळी तिनं तांब्या पुढं केला, तर तो म्हणाला, "नको माय. पीसन उनू."

पिऊन आलो. त्यात काय एवढं? उन्हाळ्याचे दिवस, मिलमध्ये पाणी असेलच. तिनं तांब्या खाली ठेवला. तांब्यातलं पाणी हललं आणि गप्प झालं. तिला उगीच वाटलं, आपली कोणीतरी मस्करी केली. पण करणारा हसला कसा नाही?

२

त्याच्या महिनाभर आधी आखाजी झाली होती. आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरायची, मेलेल्यांनाही तहान लागते म्हणून. त्याच दिवशी मिलच्या मागच्या भिंतीआड नवी बोर पुजायची ठरली.

गल्ली कुरकुरत होती. मिलनं एवढ्या जवळ बोर मारली तर आपला हापसा आटेल, असं शोभाबाई चार जणींना घेऊन सांगत फिरत होती. सुकदेव घरी येऊन म्हणाला, "माय, तू चल. तुझ्या हातानं नारळ फोड. गल्लीत सगळ्यात मोठी तूच. साहेब म्हणतात, पुढं गल्लीलाही नळ देऊ."

धुरपदाबाईची छाती फुगली. ठेवणीतलं लुगडं काढलं. रिवाजाप्रमाणं हापशाचं पाणी तांब्यात घेतलं आणि सगळ्या बायकांच्या पुढं ताठ मानेनं मिलच्या मागच्या दारातून आत गेली. ती गेली म्हणून शोभाबाईही गेली, आणि कुरकुर तिथंच संपली.

जमिनीतून एक जाड पाइप वर आलेला होता. तिनं कुंकू लावलं, फुलं वाहिली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, इथं चिखल नाही. गावाकडे तिनं बोरी पाहिल्या होत्या. पाणी लागलं की फवारा उडतो, सगळं अंगण राड होतं, माणसं भिजून नाचतात. इथं माती भाजलेल्या खापरासारखी कोरडी.

"पाणी लागलं का रे?"

"लागलं माय."

तिनं पाइपात तांब्या ओतला. पाणी खाली गेलं. थेंब पडल्याचा आवाज येईल म्हणून ती कान देऊन उभी राहिली. आला नाही. नारळ फोडला, त्याचं पाणीही त्याच पाइपात गेलं. मग खूप खोलवरून, उशिरानं, एक आवाज आला.

घट्ट.

कोणीतरी घोट घ्यावा तसा.

"तहानलेली दिसते रे बाबा तुमची बोर!" ती म्हणाली. सगळे खदाखदा हसले. साहेब हसला, शोभाबाई हसली. सुकदेव चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता.

३

त्या दिवशी साहेबानं तिला प्रसादाबरोबर एक कॅलेंडर दिलं. फॉरेनच्या ज्या कंपनीला मिलचं कापड जायचं, तिनं पाठवलेलं. वर मोठा फोटो आणि खाली तारखांचे कागद. सुकदेवनं ते चुलीसमोरच्या भिंतीवर टांगलं.

फोटोत नदी होती. इतकी स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. काठाला हिरवीगार झाडं, दगडी पायऱ्या, वर एक रिकामं लाकडी बाकडं. माणूस एक नाही.

"एवढी चांगली नदी आणि धुणं धुवायला एक बाई नाही?" धुरपदाबाई म्हणाली. "कसली माणसं म्हणायची!"

"माय, तिथं आधी आपल्यासारख्याच रंगाच्या मिली होत्या," सुकदेव म्हणाला. "नदी एक दिवस लाल, एक दिवस निळी. मग त्यांच्या सरकारनं मिली बंद केल्या. आता मासे परत आलेत म्हणे."

"मग रंगीत कपडे घालायचं सोडलं का त्यांनी?"

"सोडतात कसले! उलट वाढलं. दर दोन महिन्यांनी नवा रंग लागतो त्यांना. आमच्याकडं ऑर्डर तिप्पट झाली."

"दोन महिन्यांत फाटतात त्यांचे कपडे?"

"फाटत नाहीत. फेकतात."

चुलीपाशी बसलेली त्याची बायको रंजना हे ऐकून हसली. तिला तेव्हा पाचवा महिना होता. ती म्हणाली, "आत्या, मग आपण तिकडंच राहायला जाऊ. पाणी तरी बघा कसं आहे."

"जाऊ की," धुरपदाबाई म्हणाली. "मी त्या बाकड्यावर बसून गोऱ्यांच्या खोड्या काढीन."

गंमत म्हणून तिनं फोटोतल्या पायऱ्या मोजल्या. बाकड्यापासून पाण्यापर्यंत नऊ.

४

आषाढ लागला तरी सुकदेव घरी पाणी पीत नव्हता.

आधी तिनं मोजलं नाही. मग मोजायला लागली. जेवताना तांब्याला हात नाही. चहा दिला तर "पोटात जळजळ होते." ताक दिलं तर "घसा धरलाय." सकाळी तोंड धुताना चूळ भरायचा, पण नीट थुंकायचा, पुन्हा पुन्हा थुंकायचा, लहान पोराच्या तोंडातून माती काढावी तसा.

आणि हापसा बिघडला. म्हणजे बिघडला असं तिनं स्वतःला सांगितलं. एका दुपारी ती कळशी भरून ओट्यावर टेकली. दांडा सोडलेला होता, वर होता. आजूबाजूला चिटपाखरू नाही. तो दांडा आपसूक खाली गेला. सावकाश, पुरता खाली. आणि पाइपाच्या पोटातून आवाज आला. घट्ट.

दांडा वर आला. परत खाली गेला. घट्ट.

तिसऱ्यांदा गेला. घट्ट. मग थांबला.

धुरपदाबाई उठून हापशाभोवती फिरली. मागं कोणी दोरी बांधून ओढतंय का पाहिलं, कारण ती स्वतः असती तर तिनं तेच केलं असतं. दोरी नव्हती. वायसर गेला असेल, ती मनाशी म्हणाली. जुना झालाय, हवा धरतो. हवेनं दांडा हलतो. हलत असेल. पण हवा काय तीनच घोट मोजून घेते का?

तिनं हापसून पाहिलं. आधी तीन हिसड्यांत पाणी यायचं, आता चौदा लागले. आणि आलं ते कोमट. कळशीत पाहिलं तर फिकट गुलाबी. ताज्या जखमेवर धरलेल्या फडक्याचं पाणी असतं ना, तसं.

"अगं शोभाबाई, इकडे ये! पाणी बघ!"

शोभाबाई आली, पाहिलं, आणि तिच्या दंडावर चापट मारून म्हणाली, "म्हातारे, धुळवड होऊन चार महिने झाले. नवीन काहीतरी शोध."

"माझ्या लेकाची शपथ, मी काही टाकलं नाही."

"बघा बघा, शपथ पण घेते!" शोभाबाईनं बाकीच्या बायकांना हाक मारली. सगळ्या आल्या, हसल्या, कळश्या भरल्या आणि घेऊन गेल्या. एकीनं तर जाताना हापशाला हात जोडले.

५

एकदा डोक्यात भुंगा शिरला की निघत नाही. स्वयंपाक करताना तिची नजर कॅलेंडरकडं गेली. सहज पायऱ्या मोजल्या. आठ.

परत मोजल्या. बोटं लावून. आठ.

आधी चुकलं असेल. दुसरीचं शिक्षण, त्यात डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. पण धुरपदाबाई मस्करी करणारी बाई, आणि मस्करी करणाऱ्याला कोणी आपल्याला फसवलं तर सहन होत नाही. तिनं रंजनाच्या पाकिटातली एक लाल टिकली घेतली आणि फोटोतल्या सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर चिकटवली. पाण्याच्या वर, अगदी काठाला. म्हटलं, आता चुकून दाखव.

बारा दिवस गेले. हापशाचे हिसडे वीस झाले. भाताला पिवळी छटा यायला लागली. रंजना म्हणायची, पाण्याला लोखंडासारखी चव लागते. तरी प्यायची, सातव्या महिन्यात तहान का कोणाला विचारून लागते? धुरपदाबाईही प्यायची. दुसरं होतं काय? महापालिकेचा नळ लांब, त्यालाही एक दिवसाआड करंगळीएवढी धार.

एका सकाळी रंजना भिंतीला टेकून बसली. हात पोटावर.

"काय झालं गं?"

"काही नाही आत्या. आज ते हललंच नाही. रोज या वेळेला लाथा मारतं."

"झोपलं असेल. आजीवर गेलंय, सोंग घेतंय," धुरपदाबाई म्हणाली. पण तिच्या तोंडाला कोरड पडली. सवयीनं तांब्याकडं हात गेला आणि तिथंच थांबला.

मग तिनं कॅलेंडर पाहिलं.

टिकली होती. पडली नव्हती, हलली नव्हती. पण फिकट दिसत होती, कडा थरथरल्यासारख्या. पाण्याखाली पडलेली वस्तू वरून दिसते ना, तशी. टिकलीवरून पाणी गेलं होतं.

धुरपदाबाईनं बोट लावलं. कोरडा, गुळगुळीत कागद. टिकलीची कड नखाला लागली. डोळे मिटून हात लावला की टिकली कागदावर. डोळे उघडले की टिकली नदीत.

दुपारी पोरानं लाथ मारली. रंजना हसली. धुरपदाबाईला हसू येईना.

आणि पाणी न पिणारा सुकदेव मात्र दिवसेंदिवस टवटवीत दिसत होता.

६

श्रावण लागला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली. खानदेशी माणूस जगाच्या पाठीवर कुठं का असेना, कानबाईचा रोट चुकवत नाही. घरातल्या आणि भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याचे रोट करायचे. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही. आणि आपल्या नावाचा रोट नाकारायचा तर नाहीच नाही. आई नाकारली म्हणजे काय उरलं?

धुरपदाबाईनं आयुष्यात शंभर खोड्या केल्या, पण देवाच्या कामात कधी नाही. ही पहिली.

शनिवारी तिनं काशिनाथला गाठलं. "तू कामरेजला फेऱ्या मारतोस ना? तिथल्या मळ्यातल्या विहिरीचं एक कॅन पाणी आण. झाकून आण. कोणाला सांगू नको."

"काकू, तुम्हाला पण कामरेजचं?" काशिनाथ म्हणाला. "मी तर दोन महिने झाले, मिलच्या गेटवर रोज एक कॅन टाकतो. कोण पितं देव जाणे."

धुरपदाबाईनं एकही खोडी न काढता त्याला पैसे मोजून दिले. काशिनाथला वाटलं, काकूला बरं नाही.

रविवारी तिनं दार लावून कामरेजच्या पाण्यात कणीक मळली. सुकदेवच्या नावाची सव्वा मूठ वेगळी ठेवली होती, तिचा रोट वेगळा भाजला. मनात एवढंच होतं, माझा लेक हा रोट खाईल. तोंड वाकडं करील, पण कानबाईसमोर खाईल, आणि माझ्या डोक्यातला भुंगा मरेल.

तिन्हीसांजेला सगळे बसले. सुकदेव, काशिनाथ, त्याची बायको कुसुम, आणखी दोन घरची माणसं. कानबाईचा नारळ नथ घालून पाटावर बसलेला. धुरपदाबाईनं रोट वाढले आणि मोठ्यानं म्हणाली, "घ्या रे. आपल्या हापशाच्या पाण्यात मळलेत. पाणी गुलाबी आहे म्हणतात, म्हणून रोटही गोड झाला असेल."

काशिनाथनं चमकून वर पाहिलं. तिनं डोळा मारला. तो हसून खायला लागला. सगळे खायला लागले.

सुकदेवनं तुकडा मोडला. ओठांपर्यंत नेला. परत ताटात ठेवला.

"खा रे भाऊ."

"पोटमा दुखस माय."

"तुझ्या नावाची सव्वा मूठ आहे ती. कानबाई बघते आहे."

त्यानं परत तुकडा उचलला. कपाळावर घाम आला. तुकडा परत खाली गेला.

सगळे थांबले. रंजनाला नवऱ्याची लाज राखायची होती. ती पुढं सरकली. "राहू द्या हो, बरं नसेल. घरातल्या घरात खाल्लं तर चालतं ना आत्या? मी खाते त्यांचा." आणि तिनं त्याच्या ताटातला रोट उचलला.

धुरपदाबाई रोटाकडे बघत नव्हती. लेकाच्या तोंडाकडे बघत होती. आता हा तिचा हात धरील. आता तिच्या हातातून हिसकावून घेईल. शिव्या दे, ताट उधळ, काहीही कर, पण धर रे तिचा हात.

रंजनानं तुकडा तोंडात घातला. चावला. गिळला. दुसरा हात पोटावर होता.

सुकदेव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

७

माणसं गेल्यावर तिनं त्याला मागच्या मोरीपाशी नेलं.

"कामरेजचं पाणी होतं रे ते," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला. "माय, कानबाईच्या रोटाची मस्करी केलीस?"

"मस्करी मी केली? आणि आखाजीला माझ्या हातानं नारळ फोडून घेतलास ती काय होती?"

तो खाली बसला. नजर मोरीच्या भोकाकडं. मग खालच्या आवाजात बोलायला लागला, जसं काही दुसऱ्याचंच सांगतोय. "ती बोर पाणी काढायची नाही माय. सोडायची आहे. ऑर्डर एवढी वाढली, रंगाचं पाणी टाकायचं कुठं? खाडीत सोडलं तर तपासणीवाले येतात. जमिनीखाली कोण बघतो?"

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्यापासून."

"आणि नारळ मी का?"

"गल्ली ओरडत होती. साहेब म्हणाले, म्हातारीनं फोडला की गप्प बसतील."

धुरपदाबाईला हसू आलं. खरंच आलं. आयुष्यभर गल्लीला बनवलं, आणि सगळ्यात मोठ्या फसवणुकीत तिला नुसती बाहुली करून उभी केली होती. ठेवणीतल्या लुगड्यात.

"स्वतः प्यायचा थांबलास. रंजनाला का नाही सांगितलं?"

"तिनं शोभाबाईला सांगितलं असतं. शोभाबाईनं गल्लीला. माय, ते मला डाइंग मास्तर, म्हणजे सगळ्या रंगखात्याचा मुख्य करणार आहेत. हा सीझन निघाला की तिकडं लांब सचिन गावात खोली घेऊन तुम्हाला नेणारच होतो मी. दोन महिन्यांचा तर प्रश्न…"

"दोन महिन्यांनी त्यांचा नवा रंग येतो, तूच म्हणालास."

तो मोरीच्या कडेचं शेवाळ नखानं खरवडायला लागला.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," ती म्हणाली. "जा. आज माझ्या घरात झोपू नको."

तो उठला. जाताना उंबऱ्यात थांबला. रात्रंदिवस घसा सुकलेल्या माणसासारखा त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "माय," तो म्हणाला, "खरं सांगू? आजकाल मिलमध्येही पाणी गोड लागत नाही. कामरेजचं असून. सारखं ते कॅलेंडरमधलं डोळ्यासमोर येतं."

आणि गेला.

८

सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई तापीत बोळवली. परतल्यावर धुरपदाबाईनं रंजनाला सगळं सांगितलं. रंजना रडली नाही. तिनं पिशवी भरली. दुपारच्या भुसावळ गाडीनं ती माहेरी निघाली. काशिनाथच्या रिक्षात बसताना एवढंच म्हणाली, "आत्या, तुम्ही पण चला."

"मी नारळ फोडलाय," धुरपदाबाई म्हणाली. "मला इथंच थांबायला पाहिजे."

ती घरोघर जाऊन सांगत सुटली, पाणी पिऊ नका. शोभाबाई म्हणाली, "आता नवीन काय काढलंस?" कुसुम म्हणाली, "काकू, काल तर तुम्हीच म्हणालात रोट हापशाच्या पाण्यात मळला. आम्ही खाल्ला की, काय झालं?" बाकीच्या हसल्या. कोणी ऐकेना. लांडगा आला म्हणून जन्मभर ओरडणाऱ्या तोंडाला, खरा लांडगा आला तेव्हा आवाजच उरला नव्हता.

मग तिला जमत होतं तेच तिनं केलं. काशिनाथ स्टेशनवरून आल्यावर त्याच्याकडून पाना मागून घेतला, हापशाचे नट ढिले केले, दांडा काढला आणि ओढत ओढत घरात आणून खाटेखाली लपवला. संध्याकाळी बायका कळश्या घेऊन आल्या तेव्हा बोडक्या हापशाभोवती शिव्यांचा पाऊस पडला. धुरपदाबाई आतून कडी लावून ऐकत बसली. एवढ्या शिव्या तिला आजवर कोणत्याच खोडीला मिळाल्या नव्हत्या.

हळूहळू बायका पांगल्या. गल्ली शांत झाली. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड तेवढी चालू.

तेव्हा खाटेखाली लोखंड वाजलं. ठक्क.

ती हलली नाही. उंदीर असेल.

बाहेर, दांडा नसलेल्या हापशातून आवाज आला. घट्ट.

ठक्क. घट्ट.

ठक्क. घट्ट.

तीन झाले. तिनं अंधुक डोळ्यांनी कॅलेंडरकडं पाहिलं. पायरी एकही उरली नव्हती. नदी बाकड्याच्या पायांना लागली होती, काठोकाठ, लखलखीत. बाकड्यावर निळा शर्ट घडी करून ठेवलेला. मिलचा शर्ट. आणि बाकड्याच्या पुढं, पाण्याशी, एक उघडा माणूस उकिडवा बसून हातानं पाणी पीत होता. उजव्या हाताचा पसा. डावा हात मानेवर.

चेहरा दिसत नव्हता. पण स्वतःच्या पोराची पाठ कोणत्या आईला ओळखू येत नाही?

"सुकदेव," ती म्हणाली. हाक मारायची नव्हती, तोंडातून निघून गेली.

हात थांबला. मान वळायला लागली.

धुरपदाबाईनं झटक्यानं फोटोवर तळवा ठेवला. दाबून ठेवला. कागद गार होता. श्रावणात सुरतेत काहीच एवढं गार नसतं. हात काढला तेव्हा तळव्याला लाल टिकली चिकटलेली होती, आणि तळवा मनगटापर्यंत ओला.

उंबऱ्यात चपला काढल्याचा आवाज आला. सात वाजले असावेत. कडी तर तिनं आतून लावली होती, असं तिला आठवत होतं.

तीस वर्षांची सवय. पाय आपसूक उठले, हातानं तांब्या उचलला. कामरेजचं पाणी होतं, दोन घोट उरलेलं. ती दाराशी गेली. तो उभा होता, उघड्या अंगानं, डोळे मिटून. चेहऱ्यावर असं सुख होतं की ते बघवत नव्हतं. हनुवटीवरून पाणी टपटपत होतं. फरशीवर पडणारा थेंब न् थेंब निवळ, आणि त्याला ओल्या गवताचा, दगडांचा वास होता. इथल्या कुठल्याच पाण्याला नसलेला.

"पाणी पी ले रे भाऊ," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"नको माय. पीसन उनू."

त्यानं हनुवटी पुसली.

"आते बरं वाटनं."